जळवांचे मोजे

वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलंय: आगुंबे.
खाली दोन रेघा.
अक्षर यांचं. नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाचं,
शून्यं सगळी एका मापाची,
जणू वरून कुणी तपासायला येणार आहे.
तीस वर्षं मोजल्या नोटा, दुसऱ्यांच्या.
घरी भाजीचे सुटे मात्र माझ्याकडून मोजून घेतात.
म्हणतात, बोटं थकलीत.

तर खर्च असा.
मंगला एक्सप्रेस, नाशिकरोड ते उडुपी, स्लीपर, दोन.
ज्येष्ठांची सवलत लिहिली होती, मग खोडली.
पुढे घाटातली बस, उभ्याने गेलं तरी चालेल.
(माझ्या गुडघ्यांना चालेल का, याचा रकाना नाही.)
राहणं एका बाईंच्या घरी, जेवण धरून.
त्या फोनवर कानडीत बोलल्या, मी मराठीत,
आणि भाव सातशेवरून साडेपाचशेवर आला.
जुलैत तिकडे कोणी फिरकत नाही म्हणे.
कपडे वाळत नाहीत, काड्यापेटी पेटत नाही,
चपलेवर रात्रीतून बुरशी उगवते.

आम्हाला तेच तर बघायचंय.
जेलरोडच्या आमच्या खिडकीतून दिसतात
पाण्याच्या टाक्या, आणि सोसायटीचे चार अशोक,
पहाऱ्यावरच्या शिपायांसारखे, एकमेकांना न शिवता उभे.
तिथं म्हणे झाडावर झाड चढतं,
त्यावर शेवाळ, शेवाळात बेडूक नखाएवढा,
आणि खाली जमिनीला दुपार झाल्याचं कळतच नाही.

जळवांचे मोजे दुकानात तीनशे साठ, जोडी.
मी म्हटलं, शिलाईमशीन काय पूजेला ठेवलंय?
भद्रकालीतून मांजरपाट आणलं, दीड मीटर.
नाड्या ब्लाउजांच्या उरल्यासुरल्या,
एक लाल, एक मोरपंखी, दोन कुठल्याशा लग्नातल्या.
मे महिन्याच्या भर दुपारी, पंखा पाचवर,
दोघांनी गुडघ्यापर्यंत चढवून पाहिले
आणि हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये
पाय उचलून उचलून चाललो.
तेवढ्यात ढोल्यांची सून फॉल-बिडिंगची साडी न्यायला आली.
"काका, पायाला काय झालं?"
हे म्हणाले, "जंगल."
तिने साडी घेतली, पैसे दिले, आणि जिना उतरेपर्यंत दम धरून
मग खाली हसली. ऐकू आलं.
तिचे एकशेवीस लगेच वहीत जमा.

तरी बेरजेत अकराशे चाळीस कमी.
यांची पेन्सिल वाटाड्यावर जाऊन थांबली. दोन दिवसांचा एक करू?
मी म्हटलं, त्याला हात लावू नका.
पानं ओढून ओढून घरटं करणारी नागीण
तुम्ही शोधणार आहात का, चष्मा विसरणारे?
मग चहा आठाचे चार केले.
उडुपीची लॉज गेली, फलाटावर बसू.
दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पिंपळगावच्या मनुका घरूनच.
"किरकोळ: पाचशे" ला मी विचारलं, म्हणजे काय?
हे उगाच खोडरबर शोधू लागले.
मी तो आकडा तसाच राहू दिला.

शेवटी परतीचं स्लीपर कापलं.
येताना जनरल.
येताना झोपून करायचंय काय,
सांगायला इतकं असेल, नि ऐकायला डबाभर माणसं.

रात्री दिवा मालवल्यावर म्हणाले,
"रोज संध्याकाळी गेटवर झडती दिली गं,
तीस वर्षं. खिसे, डबा, बूट.
तिथं निदान कुणी अंगाला हात लावणार नाही."
मी म्हटलं, "जळवा लावतील."

बराच वेळ खाट हलत राहिली हसण्याने.
मग ते उठले, अंधारातच,
आणि मोज्यांच्या नाड्या पुन्हा ओढून पाहिल्या,
आधी माझ्या, मग स्वतःच्या.